राजाराम बंधाऱ्यापासनं सुरुवात करा: चालू घडामोडी आणि सरकारी धोरणांचा अभ्यास नक्की कसा करायचा

पावसाळ्यात आपल्याकडं कोल्हापुरात कुणालाही विचारा, पाणी किती फुटावर आलंय, रिक्षावालासुद्धा इंचासकट सांगतो. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे कुणी पाठ केलेलं नाही, घर रिकामं करायचं का नाही ते त्या आकड्यावर ठरतं म्हणून डोक्यात बसलंय. आणि इथलीच स्पर्धा परीक्षा देणारी पोरं-पोरी अभ्यासिकेत बसली की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष कोण हे पाच वेळा वाचून सहाव्यांदा विसरतात. पुस्तकातलं प्राधिकरण आणि आपल्या दारातलं पाणी ही एकच गोष्ट आहे हे जोडून कुणी दाखवलेलंच नसतं, आणि मला मनापासनं वाटतं की आपल्या भागातल्या पोरांचे मार्क सगळ्यात जास्त इथंच जातात.

माझंही तेच झालेलं. पहिल्या वर्षी मी बारा महिन्यांची बारा मासिकं गोळा केली, तीन रंगांच्या हायलायटरनं रंगवली, आणि एका टेस्ट पेपरात पूर व्यवस्थापनावर पंधरा मार्काचा प्रश्न आला तेव्हा 'पूर ही एक नैसर्गिक आपत्ती आहे' इथनं सुरू करून दोन पानं भरली. तीन मार्क. २०१९ ला माझ्या मामाच्या घरात आठ दिवस पाणी होतं, आम्ही शाळेत राहिलेल्या लोकांना भाकरी पोचवल्या होत्या, तलाठ्यानं पंचनामा कसा केला ते मी शेजारी उभा राहून बघितलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर माझ्या उत्तरात नव्हतं. ते मार्क बघून लई वाईट वाटलं आणि तिथनं पद्धत बदलली. तीच इथं सांगतोय.

आधी परीक्षेचं थोडक्यात, कारण बऱ्याच जणांना अजून जुनंच माहीत आहे. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासनं वर्णनात्मक झाली, म्हणजे यूपीएससीसारखीच, निबंध, जीएसचे म्हणजे सामान्य अध्ययनाचे चार पेपर, वैकल्पिक विषयाचे दोन, भाषेचे दोन पेपर फक्त पात्रतेपुरते, एकूण १७५० मार्क आणि मुलाखत २७५. म्हणजे आता 'योजना कधी सुरू झाली' एवढं माहीत असून भागत नाही, ती का आणली, पैसा कुणाचा, कुठं अडकली आणि काय करता येईल हे लिहायला लागतं. पूर्व परीक्षेत मात्र अजून गोळेच काळे करायचे आहेत आणि तिथं निगेटिव्ह आहे, यूपीएससीला एक तृतीयांश, एमपीएससीला एक चतुर्थांश. त्यामुळं दोन्हीसाठी वेगवेगळा अभ्यास करायला जाऊ नका. मुख्यसाठी खोलात वाचलं की पूर्वचं बरंचसं त्यातच होतं, उलटं होत नाही.

आता पद्धत. एक विषय घ्यायचा, एक कोरं पान घ्यायचं, आणि त्या विषयाचा माग काढत जायचं, घटनेपासनं कायद्यापर्यंत, कायद्यापासनं पैशापर्यंत आणि पैशापासनं ज्या ऑफिसात ते काम अडतं तिथंपर्यंत. पुराचंच करून बघू, कारण ते आपलं स्वतःचं आहे.

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै. दोन्ही वेळी पंचगंगा पन्नास फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, गाड्यांच्या रांगा लागल्या, पेट्रोल आणि दूध मिळेना. ही झाली घटना. पहिला प्रश्न विचारायचा, हे काम कुणाचं? इथं २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा येतो. वर राष्ट्रीय प्राधिकरण, अध्यक्ष पंतप्रधान. राज्यात मुख्यमंत्री. जिल्ह्यात कलेक्टर अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सहअध्यक्ष, म्हणजे अधिकारी आणि निवडून आलेला माणूस दोघं एकत्र बसावेत असं कायद्यालाच अपेक्षित आहे, हे वाक्य उत्तरात लिहिलं की तपासणाऱ्याला कळतं की पोरानं कायदा उघडून बघितलाय. २०२५ च्या दुरुस्तीनं महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची सोय केली आणि तिथं आयुक्त अध्यक्ष असतो. आता जरा थांबा आणि विचार करा, शहरात आयुक्त, जिल्ह्यात कलेक्टर, आणि धरणाचं दार उघडायचं जलसंपदा खात्यानं, तर रात्री दोन वाजता राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले तर कुंभार गल्लीला सांगायचं कुणी? हा समन्वयाचा मुद्दा. पुस्तकात 'समन्वयाचा अभाव' असं लिहिलेलं असतं, पण अशा एका उदाहरणाशिवाय त्या दोन शब्दांना मार्क मिळत नाहीत.

मग घटना बघायची, म्हणजे राज्यघटना. आपत्ती व्यवस्थापन हा विषय सातव्या अनुसूचीत कुठल्याच सूचीत सरळ लिहिलेला नाही, केंद्रानं कायदा केला तो समवर्ती सूचीतल्या सामाजिक सुरक्षेच्या २३ व्या नोंदीचा आधार घेऊन. पाणी राज्यसूचीत १७ वर आहे, पण आंतरराज्य नद्या केंद्राच्या सूचीत ५६ वर. आणि आपला पूर म्हटलं की कृष्णेवरचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण आलंच, म्हणजे अनुच्छेद २६२, १९५६ चा आंतरराज्य नदी पाणी तंटा कायदा, पहिला बच्छावत लवाद, नंतर ब्रिजेशकुमार लवाद. दुसऱ्या लवादानं २०१० ला अलमट्टीची पातळी ५१९.६ वरनं ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला कर्नाटकाला परवानगी दिली आणि सांगली-कोल्हापूरचा विरोध त्यावरच आहे. चावडीवर आपण म्हणतो अलमट्टीमुळंच पूर येतो. पेपरात असं एका दमात लिहायचं नाही. कमी दिवसांत पडलेला जास्त पाऊस, धरणं आधीच भरलेली असणं, नदीपात्रातली बांधकामं, पुलांचे भराव, आणि मग बॅकवॉटरचा वाद, असं सगळं मांडून मग आपलं मत. सरकारनं २०१९ नंतर नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली होती, तिचं नाव लिहा, तेवढ्यानं उत्तराला वजन येतं.

पूररेषा हा मुद्दा तर आपल्याकडच्या प्रत्येकानं तोंडपाठ ठेवायला पाहिजे. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर, तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल रेषा १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, दोन्हीच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. आता शहरातनं फिरताना बघा निळ्या रेषेच्या आत काय काय उभं आहे. नगररचना हा बाराव्या अनुसूचीतला पहिलाच विषय आहे, ७४ वी घटनादुरुस्ती, म्हणजे तुमच्या पुराच्या पानावर आपोआप स्थानिक स्वराज्य संस्था पण आल्या.

आणि पैसा. पैशाची ओळ सगळे सोडतात, तुम्ही सोडू नका. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५, आणि हे वित्त आयोगाच्या शिफारशीनं ठरतं. तो पुरला नाही तर राष्ट्रीय निधी. इथं एक गडबड हमखास होते, एनडीआरएफ दोन आहेत, एक फोर्स आणि एक फंड. बोटी घेऊन आले ते जवान म्हणजे फोर्स, पैसा येतो तो फंड. सानुग्रह अनुदान, पंचनामा, तलाठी, तहसीलदार, ही साखळी तर आपण बघितलेलीच असते, ती चार ओळीत लिहून काढा.

बघा, एका पुरात भूगोल आला, संघराज्य आलं, आपत्ती व्यवस्थापन आलं, नगररचना आली, वित्त आयोग आला. असं एक पान तयार करायला मला सुरुवातीला चार दिवस लागायचे, नंतर एक संध्याकाळ पुरायला लागली. वर्षात अशी साठ-सत्तर पानं झाली तर खूप झालं, दीडशेच्या मागं लागू नका.

दुसरं पान उसाचं करा, कारण ते पण घरातलंच आहे आणि अर्थव्यवस्था समजायला यापेक्षा चांगली शाळा नाही. ऑक्टोबर आला की जयसिंगपूरला ऊस परिषद होते, दराची घोषणा होते, आंदोलन पेटतं, ट्रॅक्टर अडवले जातात. बातमी एवढीच असते. मागं काय आहे? १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश, हा केंद्राचा. २००९ ला त्यात बदल होऊन एसएमपी म्हणजे किमान वैधानिक दर गेला आणि एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर आला. कृषिमूल्य आयोग शिफारस करतो, केंद्राची आर्थिक व्यवहारविषयक मंत्रिमंडळ समिती ठरवते. २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलला ३५५ रुपये, पण १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातनं किती टक्के साखर निघते ते), त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ. आपल्या भागाचा उतारा जास्त म्हणून आपला दर जास्त बसतो आणि त्यातनं तोडणी-वाहतूक वजा होते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला लागत नाही पण पुण्या-मुंबईच्या पोराला हे लिहिता येत नाही, तिथं तुम्ही पुढं आहात. ऊस गेल्यापासनं १४ दिवसात पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज, आणि थकले तर साखर आयुक्त आरआरसी काढतात म्हणजे महसुली थकबाकीसारखी वसुली.

आता मजा पुढं आहे. राज्यानं २०२२ ला जीआर म्हणजे शासन निर्णय काढून एफआरपी दोन टप्प्यात द्यायची मुभा दिली, आणि २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं तो जीआर रद्द केला. का, तर केंद्राच्या आदेशात १४ दिवस म्हटलेलं असताना राज्य ते जीआरनं बदलू शकत नाही. केंद्र-राज्य संबंधांवर याच्यापेक्षा जिवंत उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. मग इथेनॉल. डिसेंबर २०२३ ला केंद्रानं साखर कमी पडेल या भीतीनं उसाच्या रसापासनं इथेनॉल करायला मनाई केली, थोड्या दिवसात मर्यादित परवानगी दिली, आणि २०२४-२५ साठी बंधन उठवलं. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या. धोरण सारखं बदललं की गुंतवणूक करणाऱ्याचं काय होतं, हा प्रश्न तुम्हाला निबंधात पण वापरता येतो. दुसऱ्या बाजूला ग्राहकाला साखर स्वस्त पाहिजे आणि उसाला पाणी किती लागतं हा प्रश्न पण खराच आहे. आपण ऊसवाल्यांच्या घरातले असलो तरी ती बाजू उत्तरात पूर्ण प्रामाणिकपणे मांडायची. अधिकारी व्हायचंय तर दोन्हीकडच्यांचं ऐकून घ्यायची सवय आत्तापासनंच लागायला पाहिजे.

बाकी पानं तुमची तुम्ही करा, मी फक्त टोक दाखवतो. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड, मे २०२२, ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं तो बाकीच्या गावांनी पण घ्यावा म्हणून परिपत्रक काढलं, म्हणजे धोरण खालनं वर पण जातं. कोल्हापुरी चप्पल, २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, कायदा १९९९ चा, नोंदणी चेन्नईला, मुदत दहा वर्षं आणि पुढं नूतनीकरण. २०२५ ला इटलीतल्या फॅशन शोत तसलीच चप्पल दिसली आणि वाद झाला, तेव्हा जीआय नेमकं कशाचं संरक्षण करतो आणि कारागिराच्या हातात त्यातनं किती पडतं हे शोधा. नांदणीच्या मठातली हत्तीण, जिला २०२५ ला कोर्टाच्या आदेशानं गुजरातच्या वनतारात नेलं, १९७२ चा वन्यजीव कायदा एका बाजूला आणि लोकांची श्रद्धा दुसऱ्या बाजूला, एथिक्सच्या पेपरला केस स्टडी म्हणून सोडवून बघा आणि भावना बाजूला ठेवून सोडवा, अवघड जातं, मला पण गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच, १८ ऑगस्ट २०२५ ला काम सुरू झालं, सहा जिल्हे, आधार १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याचं कलम ५१(३), आणि कायम खंडपीठ पाहिजे असेल तर ५१(२) खाली राष्ट्रपतींचा आदेश लागतो, हा फरक पूर्वला विचारण्यासारखा आहे.

शाहू महाराजांचं वेगळं सांगायला नको, पण आपण ते फक्त जयंतीला आठवतो. २६ जुलै १९०२ चा ५० टक्के जागांचा आदेश, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय, वसतिगृहं, राधानगरी धरण, हे सगळं पब्लिक पॉलिसी म्हणून वाचा. म्हणजे प्रश्न काय होता, आदेश काय काढला, पैसा कुठनं आणला, विरोध कुणी केला. आरक्षणावर, शिक्षण हक्कावर काहीही आलं तर सुरुवात इथनं करता येते आणि ती उसनी वाटत नाही.

आता रोजचं. पेपर किती वेळ वाचायचा? पाऊण तास, फार तर एक तास. एक राज्याचा मराठी पेपर आणि त्याचीच जिल्हा आवृत्ती, आणि यूपीएससीवाल्यांनी एक इंग्रजी. आदल्या रात्री कोण कुणाला काय म्हणाला, कोण कुठल्या पक्षात गेला, ते सोडायचं. अभ्यासक्रमाचा कागद समोर लावायचा आणि ज्या बातमीला त्या कागदावरचा एकही शब्द चिकटत नाही ती वाचायची नाही, कितीही रंगतदार असली तरी. संपादकीय वाचताना लेखकाचं मत उतरवून घेऊ नका, त्यानं दिलेला युक्तिवाद आणि त्याच्या विरुद्धचा युक्तिवाद, दोन ओळी बास.

मूळ कागद वाचायची भीती घालवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. जीआर शासनाच्या वेबसाइटवर फुकट मिळतो, मराठीत असतो, पाच-सात पानं. प्रस्तावनेत कळतं की हा निर्णय का घ्यावा लागला आणि आधी काय होतं. मग निर्णय. मग कोण राबवणार, समितीत कोण. आणि खाली लेखाशीर्ष असतं, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातनं जाणार. लेखाशीर्षच नसेल किंवा 'उपलब्ध तरतुदीतून' असं म्हटलेलं असेल तर समजून जायचं की ही योजना पुढं का रखडू शकते. केंद्राचं काही असेल तर पीआयबी म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाची वेबसाइट, आणि तिथं एकच गोष्ट नक्की बघायची, योजना केंद्र पुरस्कृत आहे का केंद्रीय क्षेत्रातली. पहिलीत राज्याला पण वाटा घालायला लागतो, बहुतेक ६०:४०, दुसरीचा सगळा खर्च केंद्राचा. विधेयकांसाठी पीआरएस या अभ्यास संस्थेचे सारांश चांगले आहेत, दोन पानात विधेयक कळतं. अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवसांत केंद्राची आर्थिक पाहणी आणि मार्चच्या आसपास राज्याची, राज्याची मराठीतनं येते, ती अख्खी वाचायची गरज नाही, तुमच्या पानांना लागतात तेवढी कोष्टकं काढून घ्या. लोकराज्य आणि योजना ही मासिकं बाजूची माहिती म्हणून ठीक, पण ती सरकारची आहेत, टीका तिथं सापडणार नाही, ती तुम्हाला दुसरीकडनं आणायला लागेल.

आणि वर्षातनं दोनदा तरी ग्रामसभेला जाऊन बसा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, तारखा ठरलेल्या असतात. शहरातला असाल तर मामाच्या गावाला जा. १५ व्या वित्त आयोगाचा बंधित निधी हे शब्द मी तीन पुस्तकांत वाचले होते, समजले मात्र ग्रामसेवकानं जेव्हा सांगितलं की हा पैसा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करता येतो, रस्त्याला नाही, आणि अख्खा गाव रस्त्यासाठीच भांडायला आलेला. तो अर्धा तास माझ्या दहा उत्तरांत कामाला आला.

लिहायचं कसं. दहा मार्काला १५० शब्द, सात मिनिटं. पंधराला २५० शब्द, अकरा मिनिटं. व्याख्येनं सुरुवात करू नका, घटनेनं करा. 'पूर म्हणजे' च्या ऐवजी '२०१९ व २०२१ मध्ये पंचगंगेच्या खोऱ्यात दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या पुरांनी धरण परिचलन आणि नगररचना यातील उणिवा उघड केल्या' असं लिहिलं की पुढचं उत्तर आपोआप रांगेत येतं. पण सगळीकडं कोल्हापूर कोंबू नका, एका उत्तरात एक स्थानिक उदाहरण, बाकी देशातली. आणि उपाय लिहिताना 'जनजागृती करावी' हे लिहायचंच नाही, त्या जागी कुठल्या खात्यानं कुठला अधिकार वापरून काय करायचं ते लिहा. आठवड्याला चार उत्तरं घड्याळ लावून, आणि ती दुसऱ्याकडनं तपासून घ्या. आम्ही तिघं रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर बसायचो, एकानं पान काढायचं, दुसऱ्यानं सरकारची बाजू घ्यायची, तिसऱ्यानं ज्याला त्रास होतोय त्याची, पुढच्या रविवारी बाजू बदलायच्या. मुलाखतीची वेगळी तयारी मला त्यामुळं फार करायला लागली नाही.

शेवटचं, पानांबद्दल. वही करू नका, सुटी पानं पंच करून फाईलला लावा, मधी पान घालता आलं पाहिजे. कायदे, कलमं, वर्षं पेनानं लिहा. एफआरपी, अर्थसंकल्पातले आकडे, योजनेची मुदत, पदावरची माणसं, हे सगळं पेन्सिलीनं. परीक्षेच्या आधी महिनाभर नवीन पान उघडायचं नाही, फक्त फाईल घेऊन बसायचं, पेन्सिलीतलं खोडायचं आणि ताजा आकडा घालायचा.